दुसऱ्यांच्या नावचे फोटो

खोली बघायला गेलो तेव्हा स्वयंपाक येतो का, दारू पितोस का, मित्र फार येतात का, यातलं काहीही त्यांनी मला विचारलं नाही. एवढंच विचारलं, "रात्री पाणी प्यायला उठलास तर दचकणार नाहीस ना?" मला प्रश्न कळला नाही, पण मी नाही म्हटलं. मस्कतच्या एका टोकाच्या माबेलाहून रोज अल् खुवैरपर्यंत गाडी हाकून माझी कंबर कामातून गेली होती, आणि इथे ऑफिसच्या जवळ खोली मिळत होती. त्या दिवशी त्यांनी काहीही विचारलं असतं तरी मी हवं तेच उत्तर दिलं असतं. मग त्यांनी पॅसेजमधला दिवा लावला.

दोन्ही भिंतींवर, खालपासून छतापर्यंत, माणसं होती. तपकिरी पडलेले जुने फोटो, काळ्या चौकटींत. मुकुट घातलेल्या भरदार बायका, ढाल-तलवार घेतलेले गुबगुबीत पुरुष, शिंगांचा टोप घातलेला एक मिशीवाला, छातीवर हात ठेवून छताकडे बघणारी एक बाई. प्रत्येकाच्या पायाशी नाहीतर झग्याच्या घेरावर तिरप्या अक्षरांत शाईने काहीतरी लिहिलेलं. एकही चेहरा आपल्याकडचा नाही. हे कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, "ऑपेरात गाणारी माणसं. सगळी वारली." आणि माझ्या हातावर किल्ली ठेवली.

मी त्यांना काका म्हणायचो. कुडाळजवळच्या एका गावचे. मी ज्या बांधकाम कंपनीत होतो तिथेच ते एस्टिमेशन विभागात होते, माझ्या जन्माच्याही आधीपासून मस्कतमध्ये. बुटके, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. ऑफिसात त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. विचारलं तेवढं बोलायचे आणि पाच वाजले की उठायचे. एवढ्या साध्या माणसाच्या घरात हे एवढं वऱ्हाड कुठून आलं, हे कोडं मला पहिल्या दिवशी पडलं आणि खरं सांगायचं तर अजून पुरतं सुटलेलं नाही. मी नाशिकचा, सायन्सचा माणूस. कुठलीही गोष्ट का, कशासाठी हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. काकांच्या घरात मी दोन वर्षं काढली, म्हणजे माझी काय दशा झाली असेल बघा.

त्यांच्या घरात एसी हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये चालायचा, कारण फोटोंना दमट हवा सोसत नाही. स्वतः मात्र आतल्या खोलीत पंख्याखाली झोपायचे. जून महिन्यात मस्कतमध्ये पंख्याखाली झोपणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. मी एकदा म्हटलं, काका, निदान जूनपुरती तुमची गादी हॉलमध्ये टाका. तर म्हणाले, "इतक्या लोकांसमोर झोपायचं?" दर शुक्रवारी सकाळी जुन्या लुंगीच्या मऊ फडक्याने काचा पुसायच्या आणि फोटोंच्या जागा बदलायच्या. स्वयंपाकघराजवळ जे असतील त्यांना तळणाचा धूर लागतो, मग पुढच्या शुक्रवारी ते हॉलमध्ये आणि हॉलवाले स्वयंपाकघराकडे. कोणावर अन्याय नको. मला वाटतं आमच्या कंपनीतली ड्यूटीची पाळी इतक्या न्यायाने कधी लागली नसेल.

सही वाचता यायची नाही म्हणून गायकांना त्यांनी आपल्या मनाची नावं दिली होती. मिशीवाले, मुकुटवाली, रागावलेली, पोस्टमास्तर. पण फोटोवर ज्याच्यासाठी मजकूर लिहिलाय त्याचं नाव मात्र ते कसंही करून शोधून काढायचे. जर्मन, इटालियन, फ्रेंच, काही असो. कंपनीतल्या कुठल्यातरी परदेशी इंजिनिअरला गाठून अर्थ लावून घ्यायचे आणि संध्याकाळी चहा पिताना मला मोठ्याने सांगायचे, "ही रागावलेली आहे ना, हिने हा फोटो एल्सा नावाच्या बाईला दिलाय. लिहिलंय, माझ्या आजारपणात रोज सूप घेऊन येणाऱ्या एल्साला." आणि मग, "एल्सा कोण असेल रे? शेजारीण असेल." गाणारी बाई किती मोठी होती, कुठे गायली, आवाज कसा होता, यात त्यांना काडीचा रस नव्हता. एल्साचं मात्र त्यांना सगळं हवं होतं. तिला मुलंबाळं होती का, ती सूप कसलं करायची, इथपर्यंत त्यांचा विचार जायचा.

सुरुवातीला मला वाटलं, माणूस हुशार आहे, गुंतवणूक करतोय. इंटरनेटवर शोधलं तेव्हा कळलं की नुसती सही असलेल्या फोटोला भाव असतो, आणि त्यावर कोणा सोम्यागोम्याचं नाव घालून मजकूर लिहिलेला असला की भाव पडतो. काका नेमके पडलेल्या भावाचेच फोटो घ्यायचे. नुसती सही असलेला फुकट मिळाला तरी नको म्हणायचे. "हा कोणाचाच नाही," म्हणायचे.

मग मला वाटलं, संगीताचा नाद असेल. पण घरात रेडिओसुद्धा नव्हता. एकदा टपाल कचेरीत पार्सल सोडवायला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. तिथल्या ओमानी अधिकाऱ्याने पाकीट उघडून उघड्या खांद्यांच्या त्या गोऱ्या बाईकडे बराच वेळ पाहिलं आणि ही कोण म्हणून विचारलं. काकांनी मोडक्या अरबीत सांगितलं की ही गाणारी आहे. त्याने पाकीट उलटं करून झटकलं, आत डोकावून बघितलं आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, मग गाणं कुठाय? काका मला म्हणाले, सांग त्याला. आता मी काय सांगणार? तो माझाच प्रश्न होता. शेवटी त्या अधिकाऱ्याला आमची दया आली असावी. त्याने 'यल्ला, खलास', म्हणजे चला, झालं, म्हणून शिक्का मारला आणि आम्हाला वाटेला लावलं.

तिसरा तर्क मला ऑफिसातल्या एका मालवणी सहकाऱ्याने पुरवला. सिंधुदुर्गातला माणूस म्हटल्यावर दशावतार रक्तात असणारच, हे राजे आणि राण्या बघून त्याला गावच्या जत्रेतल्या नाटकांची आठवण होत असेल, असं तो म्हणाला. मला हे एकदम पटलं. मी मोठ्या उत्साहाने काकांना विचारलं. ते म्हणाले, "दशावतार रात्रभर चालायचा. सुरुवातीला गणपती येतो, मी तेव्हाच झोपायचो."

मस्कतमध्ये ऑपेरा हाऊस होऊन तोवर चार-पाच वर्षं झाली होती आणि काका एकदाही आत गेले नव्हते. हे मला असह्य झालं. मी दोन तिकिटं काढली, त्यांना माझा कोट चढवला आणि घेऊन गेलो. संगमरवर, झुंबरं, अत्तराचा वास, पांढऱ्या पायघोळ दिशदाशा घातलेले रुबाबदार ओमानी, सगळं बघून मीच दबलो. काका शांत होते. पडदा उघडला, एक धिप्पाड गृहस्थ गायला लागले, आणि काकांनी माझ्या कानाशी लागून विचारलं, यांना माइक दिला नाही का? मी सांगितलं की ऑपेरात माइक नसतो, तीच त्यातली करामत. त्यावर त्यांनी मान हलवली आणि मध्यंतरापर्यंत हाताची घडी घालून बसून राहिले, दंतवैद्याच्या खुर्चीत बसावं तसे.

खेळ संपल्यावर कुठल्यातरी ओळखीने आम्हाला बाहेरच्या दालनात थांबता आलं. गायक मंडळी आली. लोकांनी त्यांना गराडा घातला, मोबाइल वर झाले, एकेक जण खांद्याला खांदा लावून फोटो काढून निघून जायला लागला. मी काकांना म्हटलं, जा ना, संधी आहे, तुमच्या नावाने सही घ्या. ते जागचे हलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पूर्वी ही माणसं फोटो द्यायची. आता लोक येऊन घेऊन जातात." वाईट वाटलंय हे त्यांच्या आवाजात कळत होतं. पण कोणाबद्दल वाईट वाटतंय, गायकांबद्दल की लोकांबद्दल की स्वतःबद्दल, हे मला तेव्हा विचारता आलं नाही.

फोटोंचा हा संसार सुरू कसा झाला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते सूर नावाच्या गावी साइटवर होते तेव्हाची गोष्ट. तिथून मायदेशी परत चाललेल्या एका गोऱ्या जोडप्याने घरातलं सामान विकायला काढलं होतं. असं सामान तिथे नेहमीच निघतं, माणसं जातात आणि त्यांचे मिक्सर, पलंग, कुंड्या मागे राहिलेल्यांच्या घरी जातात. काका इस्त्रीचं टेबल बघायला गेले आणि एक चौकट घेऊन आले. चौकट त्यांना गणपतीच्या तसबिरीसाठी हवी होती. आतला फोटो काढून टाकायला म्हणून खिळे उपसले, तर फोटोवर मजकूर. मार्गारेटला, तिच्या लग्नाच्या दिवशी, असं काहीतरी. त्यांना तो टाकवेना. म्हणाले, "कोणी कोणाला तरी नाव घालून दिलेली वस्तू. आपण कोण टाकणारे?" गणपतीला दुसरी चौकट आणली. मग पुढे त्यांना कळलं की असे टाकून दिलेले फोटो जगात ढिगाने विकायला आहेत. मार्गारेट जाते, एल्सा जाते, मागची मुलं कपाटं रिकामी करतात. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "गाणं हवेत गेलं, सही राहिली, आणि जिच्यासाठी केली तीच गेली." रस्त्यावरची मांजरं आणणारी माणसं असतात, तसे काका हे फोटो घरी आणत होते. निदान मला तरी याहून जवळचं उत्तर सापडलेलं नाही.

मग तेलाचे भाव पडले. कंपनीने आधी ओव्हरटाइम बंद केला, मग नवी भरती, आणि मग साठीकडे आलेल्या लोकांचे व्हिसा पुढे वाढवायचे नाहीत असं ठरवलं. काकांना ऑक्टोबरअखेर जायला सांगितलं. त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि घरी येऊन रोजच्यासारखी मासळी साफ करायला घेतली. नोकरीचं त्यांना फारसं वाटलं नसावं. प्रश्न फोटोंचा होता. एक तर ते गावी जाणार, नाहीतर रस्त्याकडेच्या बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचरापेटीत. विकायचा विषय त्यांनी काढूच दिला नाही. विकणारा पुन्हा कोणाला तरी विकेल आणि हे पुन्हा दारोदार होतील, असं त्यांचं म्हणणं. ऑपेरा हाऊसमध्ये मी सहज विचारून पाहिलं, तिथल्या बाईंनी फार गोड शब्दांत नको म्हटलं.

गावी न्यायला अडचण एकच होती, ती म्हणजे काकू. गावातलं घर त्यांनी सांभाळलं होतं. काकांच्या पैशांतून पण स्वतः उभं राहून त्यांनी ते स्लॅबचं बांधून घेतलं होतं, सासूचं आजारपण काढलं होतं, मुलीचं लग्न केलं होतं. इतक्या वर्षांत मस्कतला एकदाही आल्या नव्हत्या, सासूला टाकून येणार कशा? सासू जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा आता सामान आवरायला म्हणून त्या महिनाभराच्या व्हिसावर येणार होत्या. फोनवर त्यांनी आधीच बजावलं होतं की मेलेल्या गोऱ्यांची ती चित्रं माझ्या घरात येणार नाहीत. काका म्हणायचे, "एकदा बघितल्यावर तिचं मत बदलेल." हे बोलताना ते स्वतःलाच समजावत होते हे मलासुद्धा दिसत होतं.

काकू आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज खणखणीत. बरोबर कुळथाचं पीठ, सोलं आणि माझ्यासाठी म्हणून वेगळी काजूची पिशवी. मला पाहिल्याबरोबर, घरच्या मुलाला म्हणावं तसं, "झिला" म्हणायला लागल्या. पॅसेजमध्ये आल्यावर थांबल्या, दोन्ही भिंतींकडे बघितलं आणि एकच विचारलं, "ही सगळी गेलेली मा?" काका हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर पॅसेजमधला एकूण एक फोटो भिंतीकडे तोंड करून होता, आणि हॉलमधल्यांवर साड्या आणि चादरी टाकलेल्या होत्या.

काकांनी सगळे फोटो पुन्हा सरळ केले, साड्यांच्या नीट घड्या घातल्या आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी परत येतो तो पुन्हा सगळ्यांच्या पाठी. असं आठवडाभर चाललं. दोघं एकमेकांशी जेवणाबद्दल, हवेबद्दल, मुलीच्या फोनबद्दल नीट बोलत होती. मधल्या मध्ये माझं काय व्हायचं? सकाळी चेहरे बघत दात घासायचे आणि रात्री पुठ्ठे बघत. शेवटी न राहवून मी काकूंना विचारलं, तुम्हाला हे एवढे खटकतात का? त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मला जे सांगितलं त्याचा सारांश असा, की फोटो वाईट नाहीत, माणसं चांगल्या घरची दिसतात. पण एवढी गेलेली माणसं डोळे उघडे ठेवून भिंतीवर उभी आणि त्यांना वर्षाचा एक घास नाही. आपल्या घरात गेलेल्याचा फोटो लावतात तो त्याचं करायला कोणीतरी असतं म्हणून. "ह्यांचा कोण करता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांच्यात तशी पद्धत नसते. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की नसते म्हणजे काय, भूक तर लागत असेल.

पुढचा प्रश्न त्यांनी काकांना विचारला. ही माणसं कुठल्या तिथीला गेली? काकांना एकाचीही माहीत नव्हती. काकूंनी सोबत आणलेली दिनदर्शिका उघडली. पितृपक्ष चालूच होता, येत्या शुक्रवारी सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी माहीत नाही त्या सगळ्यांचं त्या दिवशी करता येतं. काकूंनी ठरवून टाकलं, गच्चीवर यांचं पान ठेवायचं. घास मिळाला की ती आपल्या वाटेला जातील, मग फोटो म्हणजे नुसता कागद, त्याचं काय करायचं ते करा.

म्हणजे शुक्रवारी आत्मे सुटणार आणि शनिवारी चौकटी कचऱ्यात. काकांचा चेहरा उतरला. पण श्राद्धाला नको म्हणायची त्यांची ताकद नव्हती. त्या रात्री ते मला म्हणाले की ती म्हणते त्यात चूक काय आहे, मी यांना आणलं, पुसलं, सजवलं, पण जेवू घालायचं मला कधी सुचलंच नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ऑपेरातल्या गायकांना कोकणी पद्धतीने जेवू घालायचं राहिलं, याचा पश्चात्ताप करणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, आणि घोटाळा असा की मलाही ते बरोबर वाटायला लागलं होतं.

शुक्रवारी सकाळी काकूंनी वडे तळले, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर केली. मी एका केरळी दुकानातून केळीची पानं आणली. उन्हं चढली तेव्हा आम्ही तिघं गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, वाळत घातलेले कोणाचे तरी कामाचे निळे कपडे. काकांनी टाकीच्या सावलीत पान मांडलं, पाणी फिरवलं, आणि हात जोडून उभे राहिले. मंत्र म्हणायचे तर कोणाचं गोत्र माहीत नाही. शेवटी त्यांनी हळू आवाजात एकेकाला बोलावलं. मिशीवाले, मुकुटवाली, रागावलेली, पोस्टमास्तर. मग एल्सा, मार्गारेट, आणि अशी किती तरी नावं.

एरवी अल् खुवैरमध्ये कचरापेटीवर कावळ्यांची शाळा भरलेली असते. त्या दिवशी एक नाही. बऱ्याच वेळाने एक आला, डिशच्या कडेवर बसला आणि पानाकडे मान वाकडी करून बघत राहिला. खाली काही उतरेना. ऊन वाढत चाललं. कावळा शिवल्याशिवाय आम्हाला जेवता येणार नव्हतं, आणि पोटात तर वड्यांचा वास शिरलेला. काकू म्हणाल्या की कोणाची तरी इच्छा अडकलीय, काहीतरी कबूल करा. काकांनी कबूल केलं की दरवर्षी पान ठेवीन. कावळा हलला नाही. यांना मराठी कळत नसेल अशी काकांना शंका आली, म्हणून त्यांनी तेच इंग्रजीत सांगितलं, सर आणि मॅडम लावून. तरी नाही. काकू म्हणाल्या, "माणसां गोरी, पण कावळो हयलोच मा?" मग माझ्यावर पाळी आली. इथल्या कावळ्याशी काय बोलायचं ते मला सुचेना. मी 'यल्ला' म्हटलं. तो उलट डिशच्या पलीकडे सरकला.

काका टाकीला टेकून खाली बसले. पानाकडे बघत, आम्ही तिथे नाहीच असं बोलायला लागले. गावच्या बोलीत बोलत होते, मी ती बोली त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकली होती. "रागावू नकात. माझाच थंय कसा निभावतला ता माका ठाव नाय. तुमका खंय नेऊ?"

मला मालवणी अर्धीमुर्धी कळते, पण हे पुरतं कळलं. तिथे माझंच कसं निभावणार ते मला माहीत नाही, तर तुम्हाला कुठे नेऊ. दोन वर्षं मी या माणसाला फोटोंबद्दल नाही नाही ते प्रश्न विचारले होते. पण स्वतःच्या बांधलेल्या घरी जायची त्यांना भीती वाटत असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. वर बघायची हिंमत होईना.

काकू पानापाशीच उभ्या होत्या. पदराने त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि कावळ्याला, पण काकांच्या दिशेने बघत, म्हणाल्या, "न्हेतंय मी सगळ्यांका घराक. हॉलात लावतंय. कोणाक टाकणंय नाय. आता तरी खा." आणि चार पावलं मागे सरल्या.

कावळा उतरला. सरळ वड्यालाच चोच घातली.

तो वचनाला उतरला की काकू पानापासून लांब झाल्या म्हणून उतरला, हे मला आजही सांगता येणार नाही. काकू आठवडाभर खरोखर त्या आत्म्यांना घाबरत होत्या, की घरी येणाऱ्या माणसाच्या तोंडून काहीतरी ऐकायची वाट बघत होत्या, हेही मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला आणखी एक वडा वाढला असता.

आम्ही खाली येऊन जेवायला बसलो. फोटो भिंतीवर सरळ होते, येता येता काकूंनीच हॉलमधल्या चादरी काढल्या होत्या. काका मन लावून जेवत होते, इतकं मोकळं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. न्यायच्या पेट्या लाकडी करायच्या की पुठ्ठ्याच्या, जहाजाने पाठवलं तर किती दिवस लागतील, हॉलची कुठली भिंत ओल धरत नाही, असं त्यांचं चाललं होतं. काकू वाढत होत्या. खीर वाढता वाढता त्यांचा हात थांबला. समोरच्या भिंतीकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ह्या सगळ्यांनी कोणाक ना कोणाक फोटो दिल्यानी. तुमी माका काय दिल्यात? एक पासपोर्ट साइज. तो पण बँकेच्या कागदार लावूक."

काका खायचे थांबले. मी ताटात खाली बघत राहिलो. काकू वाटी ठेवून आत गेल्या, भांड्यांचे आवाज यायला लागले.

मी हात धुऊन खोलीत येऊन आडवा झालो. जरा वेळाने दारावर टकटक झाली. काका उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओले केस नीट विंचरलेले, खिशात दोन्ही पेनं. म्हणाले, चल, गाडी काढ, रुवीला स्टुडिओत जायचंय. मी म्हटलं, काका, आज शुक्रवार आहे, दुपारचे दोन वाजलेत, बाहेर आग ओततेय, स्टुडिओ साडेचारशिवाय उघडणार नाही.

"बाहेर थांबू," ते म्हणाले.